आईच्या रक्तात शिसं नव्हतं

“शिसं नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे,” शहापूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि माझा चेहरा पडला.

आईचा रिपोर्ट चांगला आला होता आणि मी नाराज झालो होतो. लिहायला लाज वाटते. पण सुरुवात इथूनच करायला हवी.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, नदीकाठी. कारखान्यांचं सांडपाणी नाल्यातून नदीत येतं. आम्ही पोरांनी तळाचा गाळ तपासून घेतला. त्यात शिसं निघालं, क्रोमियम निघालं. हे जड धातू गाळात साठतात, तिथून माशांच्या पोटात जाऊ शकतात. मी पत्रक काढलं: ‘मासा नव्हे, विष!’ कुठला मासा, कुठला डोह, काही लिहिलं नाही. मासे तर आम्ही तपासलेच नव्हते.

त्या दिवसापासून आईने मासा सोडला. नदीचा, भातखाचरातला, सुकासुद्धा. मटण-अंडी तिला कधीच आवडली नाहीत, दूध फक्त चहापुरतं. शहापूरची मावशी सुकट घेऊन यायची. “ही काय तुमच्या नदीची हाय? समुद्राची हाय गो!”

“पोरगा गावाला नको सांगतो नि मी घरात कालवण रांधू? लोक हसतील.”

मला तेव्हा आईचा अभिमान वाटायचा.

काही वर्षं गेली. मग आईच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. एकदा चप्पल बांधावरच निसटली आणि आई तशीच घरापर्यंत आली. तिला कळलंच नव्हतं. मावशीने शहापूरच्या दवाखान्यात नेलं.

मॅडमनी पायांना टाचणी लावून पाहिली. “पेरिफेरल न्यूरोपॅथी,” म्हणाल्या. म्हणजे हातापायांच्या टोकाकडच्या नसा कमजोर होणं. “बी-ट्वेल्व जीवनसत्त्व कमी असेल. ते मासे, मटण, अंडी, दूध यांतूनच मिळतं, आणि ही तर मासाही खात नाही. रक्त घेते आणि आजच इंजेक्शन सुरू करू.”

मी आडवा आलो. “आधी शिशाची तपासणी. औषध दिलं तर पुरावा जाईल.”

“पुरावा?” मॅडम म्हणाल्या. “पेशंट आहे ना ही? इंजेक्शनाने शिशाचा रिपोर्ट बदलत नाही.”

मी ऐकलं नाही. दोन्ही तपासण्यांना रक्त दिलं, पण इंजेक्शन घेऊ दिलं नाही. बी-ट्वेल्वचा रिपोर्ट आधी आला. कमी होता. मी तो घडी घालून खिशात ठेवला. शिशाचा नमुना मुंबईला गेला होता, त्याची वाट पाहत बसलो. तोवर आईच्या पायांचे फोटो काढले. ग्रामसभेत उभा राहून सांगितलं, नदीचं शिसं माझ्या आईच्या पायांत उतरलंय. टाळ्या पडल्या. इकडे आई भिंत धरून चालू लागली होती.

म्हणून त्या दिवशी माझा चेहरा पडला. मॅडमनी तो पाहिला. आईनेही पाहिला. ती एवढंच म्हणाली, “शिसं असतं तर बरं झालं असतं का रे?”

मॅडम माझ्याकडे न बघता इंजेक्शन भरत म्हणाल्या, “नसा सावरायला महिने लागतात. उशिरामुळे थोडा बधिरपणा कायमही राहू शकतो.”

आता आई भिंत न धरता चालते. मावशीची सुकट पुन्हा घरात शिजते. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. ओरडायचा हक्क असूनही त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत.

नदीचा गाळ अजून विषारीच आहे. नाला अजून वाहतो, आणि त्यासाठी मी भांडणारच. पण नवं पत्रक मासे तपासल्यावरच निघेल, आणि काय खायला हरकत नाही तेही त्यात असेल. ग्रामसभेतही उभा राहून चूक सांगितली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

तुमच्या घरी कुणाचे पाय बधिर होत असतील, तर डॉक्टर सांगतील ते आधी करा. गुन्हेगार नंतर शोधा.

आईच्या डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. शेतावरून आली की ती उंबऱ्याशी थांबते आणि खाली वाकून बघते, चप्पल पायात आहे ना.