हार घातलेला टीव्ही

खंडेनवमीला पहिलीतल्या नातीच्या शाळेत गेलो होतो. बाईंनी वर्गातल्या मोठ्या टीव्हीवरचं भरतकामाचं कापड काढलं, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मुलांनी हात जोडले. पूजा आटोपल्यावर कापड पुन्हा चढलं.

"एरवी टीव्ही लावत नाही का?" मी विचारलं.

"बिघडला तर मलाच जाब विचारतील," बाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी फळ्यावर खडूनं समुद्र काढला, नुसत्या वाकड्या रेघा. या गावातल्या पोरांनी समुद्र कुठे पाहिलाय?

जपता जपता आपण वस्तूचा देव करतो. देवाला कामाला कोण लावणार?

संध्याकाळी नात पाटीवर समुद्र काढत बसली. मी निळा खडू पुढे केला.

"नको आजोबा," ती म्हणाली, "समुद्र पांढरा असतो."