वैशालीच्या नावाने लिहिलेल्या दोन ओळी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही, आणि आम्हा दोघींच्या पोटात तर काही राहत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा – जाऊ द्या, कारण शोधत बसले तर पुन्हा मागे फिरेन.

मी भिंगारला राहते. नगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या तोंडून अजून नगरच निघतं. इंटरनेटवर तो ज्ञानकोश असतो ना, ज्यात कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं – त्यात मराठीतून लिहायला मी मुलींना शिकवायचे. पहिला धडा एकच. आपलं मत घुसडायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही. हे मी इतक्या ठसक्यात सांगायचे की मुली माझ्यामागे माझी नक्कल करायच्या.

आणि मी स्वतः लेख कशावर लिहिला? सर्बियाच्या एका राजकारण्यावर. हसा खुशाल. बाकी सगळे किल्ले आणि देवळं धरून बसले होते. म्हटलं, आपण काहीतरी वेगळं करून दाखवू. त्याचं आडनाव मला धड उच्चारताही येत नव्हतं. पण उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्याच्यावर घालवली, इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं वाचली, आणि – खरं सांगू? – त्या माणसाच्या प्रेमातच पडले. कणखर, करारी, लोकांचा लाडका. लिहिलंही तसंच. त्याच्या काळात तिथे झालेल्या युद्धाबद्दल एकच वाक्य घातलं: ‘या काळात काही दुर्दैवी घटना घडल्या.’

मग एक गृहस्थ उगवले. कोण, कुठले, काही ठाऊक नाही. तिथे लोक टोपणनावाने लिहितात. प्रत्येक लेखामागे वाद घालायला एक चर्चापान असतं. तिथे त्यांनी विचारलं, दुर्दैवी घटना म्हणजे काय? माणसं मारली गेली. ती कुणी मारली, आणि हे साहेब त्यावर काय बोलले, ते लेखात का नाही? एवढ्यावर थांबले नाहीत. लेखाच्या डोक्यावर पाटी लावली – हा लेख निःपक्षपाती नाही. माझा लेख! मी पाटी काढली, त्यांनी लावली. मी पुन्हा काढली, त्यांनी पुन्हा लावली. इकडे स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना लेख दाखवून मोकळी झालेले, प्राचार्यांनी चारचौघांत कौतुक केलेलं. आता तेच लोक ती पाटी वाचणार. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

तिथे वाद सहमतीने मिटवतात. मराठीत लिहिणारे मूठभर; दोघं-तिघं एका सुरात बोलले की झाली सहमती. मी मुलींना म्हटलं, लेख वाचा आणि मत द्या. मत द्या म्हणजे माझ्या बाजूने द्या, हे काय वेगळं सांगायला हवं होतं? बाकीच्यांनी टाळलं. वैशालीने वाचला. कर्जतकडची, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिने चर्चापानावर लिहिलं की मॅडमबद्दल आदर आहे, पण हे गृहस्थ म्हणतात ते बरोबर आहे.

मी शिकवलं तेच तिने केलं होतं. आणि तेच जिव्हारी लागलं.

सगळ्या मुलींची खाती मीच उघडून दिली होती, पासवर्डही मीच ठरवले होते. नंतर बदला गं, असं बजावलं होतं – पण बदलतं कोण? एका दुपारी विभागात कुणी नव्हतं. शिपाई चहा ठेवून गेला. आणि मी – मी वैशालीच्या नावाने आत शिरले. दोन ओळी लिहिल्या. लेख पुन्हा वाचला, माझं आधीचं मत चुकीचं होतं, लेख निःपक्षपाती आहे. मग चहा प्यायले. अजून गरमच होता. गृहस्थांनी एवढंच लिहिलं की मग माझं काही म्हणणं नाही. पाटी निघाली.

आठवडाभराने वैशाली माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, मॅडम, हे मी लिहिलेलं नाही. तेव्हाच मी खरं बोलायचं होतं ना? ती रागावली असती, फार तर अबोला धरला असता. मी काय विचारलं?

“तुझा लॅपटॉप अजून कोण वापरतं गं?”

बस, एवढंच. नाव घेतलं नाही मी कुणाचं. घ्यायची गरजच नव्हती. होस्टेलवर तिच्या खोलीत मनीषा राहायची, पाथर्डीकडची. आई-वडील दर हंगामाला ऊसतोडीला जाणारे. स्वतःचा लॅपटॉप तिच्याकडे कुठला असायला, ती वैशालीचाच वापरायची. वर ‘कमवा आणि शिका’ योजनेत माझ्याच विभागात कामाला होती – कपाटं पुसायची, पुस्तकं लावायची. मॅडमची मर्जी राखायला हिनेच केलं असणार, असं वैशालीने आपलं आपण जुळवलं. मी समोर बसून तिला ते जुळवू दिलं.

एका डब्यात जेवणाऱ्या मैत्रिणी होत्या त्या. आधी वैशालीने बोलणं टाकलं, मग खोलीतल्या बाकीच्या मुलींनी. पुढे कुणाचा चार्जर सापडेना, कुणाची ओढणी. सगळ्यांच्या नजरा मनीषाकडे. मला हे कळत नव्हतं असं नाही. मुली येऊन सांगायच्या. मी ऐकून घ्यायचे आणि अरेरे म्हणायचे. माझ्यासारखी निर्लज्ज बाई मीच.

एक दिवस मनीषा विभागात आली. बस म्हटलं तरी बसली नाही. माझ्यावर तिला तीळभर संशय नव्हता – संशय असता तर बरं झालं असतं.

“मॅडम, मी न्हाई केलं ते. तुमी वैशालीला सांगा ना एकदा. तुमचं आयकंल ती.”

अख्ख्या कॉलेजात, ती खरं बोलतेय हे नक्की माहीत असलेलं एकच माणूस तिच्या समोर बसलं होतं. आणि मी म्हणाले –

“हे बघ मनीषा, तुम्ही दोघी मला सारख्याच. मी कुणाची बाजू घेणार नाही.”

ती “बरं मॅडम” म्हणाली आणि गेली. रडली नाही.

दिवाळीच्या सुट्टीला गेली ती परत आलीच नाही. आई-वडिलांबरोबर तिनेही कोयता धरला, असं कुणीतरी सांगितलं. मी चौकशी केली नाही. पाथर्डी काही लांब नाही, सकाळी एसटीने निघालं तर संध्याकाळी घरी येता येतं. मी गेले नाही.

वैशाली आता शिर्डीला शाळेत शिकवते. शिक्षकदिनाला न चुकता फोन करते. गेल्या वर्षी बोलता बोलता म्हणाली, मॅडम, तेव्हा तुम्ही मला सावध केलंत म्हणून बरं, नाहीतर मी त्या मनीषावर डोळे झाकून विश्वास ठेवत राहिले असते.

मी म्हणाले, झालं गेलं, सोड आता. आणि तिच्या मुलाची शाळा कशी चाललीय ते विचारलं.