बाबांनी धुतलेली गोधडी

काल परळच्या बाजारात रिठ्यांचा वास आला आणि भोईवाड्याच्या आमच्या चाळीतली एक सकाळ आठवली. ऑपरेशननंतर आई अंथरुणाला खिळली होती आणि तिच्या नाजूक झालेल्या कातडीला जुन्या सुती साड्यांची गोधडीच तेवढी सोसायची. मी ती मशीनमध्ये टाकायला निघाले, तर आई म्हणाली, “नको गं, चिंध्या होतील.” तेव्हा जन्मात स्वतःचा रुमालही न धुतलेले बाबा उठून मोरीत बसले. आई खाटेवरून सांगू लागली, “रिठ्याचं पाणी कोमट घ्या. घासू नका, नुसती दाबा.” पण बाबांनी शेवटी जोर लावून पिळलीच आणि टाके टर्रकन उसवले. ते ओशाळून आईकडे बघत राहिले. “अहो, गोधडी आहे ती, माझ्या भावाची मान नव्हे,” आई म्हणाली आणि कित्येक दिवसांनी हसली. मग बाबांनी गोधडी तशीच निथळत गॅलरीच्या कठड्यावर पसरली. थोड्या थोड्या वेळाने ते हात लावून विचारायचे, “आता काढू?” आई म्हणायची, “अजून नाही.” गिरणीतून येऊन मुकाट्याने जेवणारे बाबाच मी लहानपणापासून पाहिले होते. त्या दोघांना एकमेकांशी इतकं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि आज दोघंही नसताना त्यांचे आवाज मला तेवढ्याच बोलण्यातून आठवतात.