परत यायचा दम

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली आमची कंपनी, कँटीनच्या वरचा नवा हॉल. हजर: प्लांटचे मोठे साहेब. एचआरच्या मॅडम. ऑफिसातली मंडळी, सगळ्यांच्या पायांत नवे कोरे बूट. एक फोटोवाला. आणि पॅकिंग लाइनच्या आम्ही बायका, सगळ्या कंत्राटी, टाळ्या वाजवायला बोलावलेल्या. कमलताई माझ्या उजव्या हाताला उभी. गैरहजर कोणी नाही. लाइनची हजेरी मीच घेते, म्हणून पक्कं सांगते.

त्या दिवशी कंपनीच्या जिमचं उद्घाटन होतं. फीत कापून झाली, पेढे वाटून झाले. मग साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, हृदय सांभाळा, अंगाला हालचाल द्या, रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी काढा. मी कान देऊन ऐकत होते, कारण त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात माझं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं होतं. डॉक्टरबाईंनी गोळी दिली आणि रोज भरभर चालायला सांगितलं. चालायचं कुठे? सकाळी निघते तेव्हा आमच्या गल्लीत कुत्री असतात आणि घरी येते तेव्हा टेम्पो. इथे तर एवढा मोठा हॉल, पंखे, खाली रबराच्या चटया.

म्हणून भाषण संपल्यावर मी विचारलं, "साहेब, आमची वेळ कोणती?"

साहेबांना आधी कळलंच नाही. मग ते हसले.

"तुम्हाला कशाला जिम? तुमचं तर कामच व्यायाम! आम्ही पैसे भरून घाम गाळतो, तुम्हाला घाम गाळायचे पैसे मिळतात. नशीबवान आहात तुम्ही."

हॉल हसला.

मॅडम म्हणाल्या, "सर, ही मावशी कबड्डी खेळायची म्हणे. चढवा ना त्या धावायच्या मशीनवर. फोटो मस्त येईल."

मॅडम माझ्याहून मोठ्याच असतील. मी त्यांची मावशी.

"बूट काढा हां मावशी. ऑइल लागेल पट्ट्याला."

मी बूट काढले. साडी, वर कंपनीचा ॲप्रन, पाय अनवाणी. चढले. बटण साहेबांनी स्वतः दाबलं.

पट्टा पायाखालून सरकायला लागला. आधी चालले. मग भरभर चालले. "वाढवा सर, वाढवा!" कोणीतरी ओरडलं. मग धावावं लागलं. साडीचा काठ पायात येत होता, म्हणून मी बाजूचा दांडा धरला.

"हात सोडा! खेळाडू ना तुम्ही? दम धरा! कबड्डी कबड्डी म्हणा!"

सगळीकडे फोन वर. मी म्हणाले. खरंच म्हणाले, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आणि मध्येच आवाज गेला.

"दम तुटला! मावशी बाद!"

काय हसले सगळे.

छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ घालून आवळत होतं. डावा हात जड झाला, पाण्याने भरल्यासारखा. मला थांबायचं होतं. थांबायचं बटण साहेबांच्या बोटाखाली होतं आणि साहेब फोटोवाल्याकडे बघत होते. उतरायला जावं तर पडेन. बोलायला जावं तर श्वास नाही. इथेच मरणार, आणि ह्यांना वाटेल मी गंमत करतेय. एवढी एकच गोष्ट मला कळत होती.

कमलताईला माझा चेहरा दिसला. "ओ सायब, बंद करा ते! रंग बघा की बाईचा!" कोणी ऐकलं नाही. मग तिने मागून येऊन सरळ माझ्या कमरेला पकड घातली. शाळेत कबड्डीत घालायची तशी, दोन्ही हातांची. ओढून खाली घेतलं. आम्ही दोघी चटईवर आडव्या. हसणं आणखी वाढलं. तो फोटो पुढे कित्येक दिवस नोटीस बोर्डावर होता.

जिन्यात तिने विचारलं, "काय होतंय गं?"

"काही नाही. पित्त असेल."

"पित्तच असंल. आपण मैदानावर खेळलेल्या बाया. आपलं काळीज घोड्याचं हाय. त्याला काय व्हतंय?"

ॲप्रनच्या खिशातून तिने पुडी काढली. ओवा आणि काळं मीठ. "घे, चघळ." पुडी कायम तिच्या खिशात असायची. ती कायम का लागते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आम्ही दोघी इगतपुरीकडच्या. शाळा एकच, वर्ग वेगळे. ती मोठी. तिच्यामागून मीही त्याच संघात आले. आमच्याकडे पावसात मैदान दिसायचंच नाही, नुसता चिखल. आम्ही चिखलातच खेळायचो. ती पकडीला पक्की, मी चढाईला. खेळाचे सर सांगायचे, "जायचा दम सगळ्यांकडं असतो. परत यायचा दम राखतो तो खेळाडू. रेष दिसली पाहिजे, तेवढाच आत जा." चढाईत कुठवर शिरायचं, कधी वळायचं, हे आमचं आम्ही ठरवायचो. आयुष्यात ठरवायला मिळालेली तेवढीच एक गोष्ट.

दहावी झाली. "आता पुरे झालं मैदान," घरचे म्हणाले. लग्न, नाशिक, भाड्याची खोली, मुलं, लाइन. पुन्हा कधी धावले असेन तर बससाठी.

लाइनवर पण एक पट्टाच आहे. माल येतो, आम्ही भरतो, क्रेट उचलून खांद्याच्या उंचीला चढवतो, पुढचा क्रेट येतो. पट्ट्याचा वेग सुपरवायझर ठरवतो. लघवीला जायचं तर हात वर करायचा. पट्टा थांबवायला लाल बटण आहे, वर पाटी आहे: परवानगीशिवाय हात लावू नये. इतकी वर्षं आम्ही ह्यालाच अंगमेहनत म्हणालो आणि अंगमेहनतीला तब्येत. गावाकडेही हेच म्हणतात. राबणाऱ्याला रोग नसतो. साहेब वेगळं काय म्हणाले? आमच्याच घरातलं वाक्य त्यांनी आमच्या तोंडावर मारलं.

मार्च संपत आला होता. पहिली पाळी, चहा होऊन गेलेला. कमलताईने जबड्याला हात लावला.

"दाढ ठणकतीय गं. आन् घाम बघ किती."

पत्र्याखाली घाम सगळ्यांनाच होता. तिने ओवा चघळला. थोड्या वेळाने मीच तिला फर्स्ट-एडच्या खोलीत पाठवलं. तिथे तिला पित्ताचं गुलाबी औषध पाजलं आणि परत पाठवलं. ती येऊन पुन्हा पट्ट्याशी उभी राहिली.

"पित्तच हाय म्हणले. दिलं औषध."

"बस ना मग."

"टार्गेट राहू दे का तुझं?"

आणखी काही क्रेट तिने उचलले. मग एक रिकामा क्रेट उलटा केला आणि त्यावर बसली.

"जरा दम खाते," म्हणाली.

ते शेवटचं. मान पुढे पडली तेव्हा मला वाटलं, पुडी शोधतेय. कंपनीच्या गाडीतून नेताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात सांगितलं, उशीर झाला.

त्या दिवसापासून भीती माझ्या अंगात राहायला आली. जिना दिसला की भीती. भात जास्त झाला, छातीत जळजळलं की भीती. झोपताना डावी कूस सोडून दिली. जबड्याला हात लावून बघायचे, दुखतोय का. कमलताईला झालं ते आधी मला झालं होतं, त्या पट्ट्यावर. तीच मूठ. मी तिला पित्त म्हणून सांगितलं आणि तिने मला पित्त म्हणून सांगितलं.

तेराव्याच्या आधीच मी डॉक्टरबाईंकडे गेले. या वेळी सगळं सांगितलं. ईसीजी काढला. कागद बघून त्या म्हणाल्या, "घाबरू नका, पण हे सोडूनही देऊ नका."

मी विचारलं, "बाई, आम्ही दोघी शाळेत कबड्डी खेळायचो. दिवसभर उभ्याने राबतो. मग असं कसं?"

त्यांच्या दारात रांग होती, तरी त्यांनी नीट सांगितलं. "शाळेत खेळलात, फार चांगलं केलंत. पण ते साठवून ठेवता येत नाही. सोडलं की विरत जातं. आणि कामाचं म्हणाल तर, ओझं उचलताना तुम्ही श्वास धरता, दाब चढतो. तो उतरायच्या आत दुसरं ओझं. दिवसभर असंच. व्यायामात चढलेलं खाली यायला वेळ मिळतो. हृदयाला तो वेळ लागतो."

परत यायला वेळ. सर हेच सांगायचे.

मग त्यांनी चिठ्ठीवर एक तपासणी लिहिली. "पट्ट्यावर चालवून बघू, हृदय कसं चालतं ते."

"कसल्या पट्ट्यावर?"

"जिममध्ये असतो ना, तसाच."

मी चिठ्ठी घडी करून पिशवीच्या तळाशी टाकली.

कंपनीने कँटीनमध्ये शोकसभा ठेवली. कमलताईचा फोटो, हार. साहेब म्हणाले, "एवढं अंगमेहनतीचं काम, म्हणजे रोजचाच व्यायाम. त्यात एके काळची खेळाडू. तरी असं व्हावं. नशीब, दुसरं काय."

मी उभी राहिले. ठरवून नाही. टेबलाची कड धरली. ठेकेदार भिंतीशी उभा होता, माझ्याकडेच बघत. उद्या गेटवर माझा पास चालणार नाही, हे कळत होतं. छातीतली धडधड कानात ऐकू येत होती. वाटलं, आता इथेच. तरी बोलले.

"साहेब, ते काम होतं. व्यायाम नव्हता."

"मावशी, बसा ना प्लीज. ही वेळ नाही," मॅडम म्हणाल्या.

"मी तुमची मावशी नाही. आणि हीच वेळ आहे." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "तुमचा पट्टा तुम्ही थांबवू शकता. तिचा तिला थांबवता येत नव्हता. एवढाच फरक आहे दोन्हींत. ती नशिबाने मेली नाही."

कुणी हसलं नाही. मागून रेश्मा उभी राहिली, आमच्यातली सगळ्यात तरुण. मग सुनंदा. मग पूर्ण लाइन. कोणी घोषणा दिली नाही. नुसत्या उभ्या राहिलो.

मी मागण्या तिथेच सांगितल्या. पाळीतला अर्धा तास आणि मागचं मैदान, जिथे ट्रक लावतात ते. जिम नको, ती त्यांना लखलाभ. लाइनवरच्या प्रत्येक बाईचा ईसीजी. आणि छाती, जबडा, हात, घाम, यातलं काहीही कोणी बोललं तर गुलाबी औषध नाही, सरळ दवाखाना.

साहेब म्हणाले, "बघू."

ते अजून बघताहेत. माझा पास अजून चालतो. रोज कार्ड लावताना हिरवा दिवा लागेपर्यंत श्वास अडकतो.

मागच्या आठवड्यात रेश्मा पट्ट्याशी उभी असताना म्हणाली, "काकू, पित्त झालंय वाटतं."

मी लाल बटण दाबलं.

पट्टा थांबला. इतकी शांतता त्या शेडमध्ये मी कधी ऐकली नव्हती. सुपरवायझर धावत आला.

"कोणी थांबवली लाइन? कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"वर जाईल हे."

"जाऊ द्या. आधी ही जाईल दवाखान्यात."

रेश्माला नेलं, ईसीजी काढला. खरंच पित्त निघालं. सकाळपासून पोरगी उपाशी होती. सुपरवायझर सगळ्यांना सांगत हसला. हसू दे. मला मेमो मिळाला, तो डब्याच्या पिशवीत आहे. पुन्हा कोणी पित्त म्हणाली की मी पुन्हा बटण दाबणार आहे. खोटं निघालं तरी दाबणार. रेश्माला आणि सुनंदालाही सांगून ठेवलंय, मी नसले तर तुम्ही दाबायचं.

झालेली कामं एवढी. आमच्या शेडपुरता पित्त हा शब्द बंद झाला. कमलताईची पुडी तिच्या लेकीला दिली. मधल्या सुट्टीत ट्रकांच्या मधून चालतो, डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं मी सावकाश, बाकीच्या भरभर. ड्रायव्हर शिट्ट्या मारतात, तरी चालतो. नोटीस बोर्डावरचा तो फोटो मी स्वतः काढला.

राहिलेलं काम एक. पट्ट्यावरची तपासणी. नंबर दोनदा लागला. पहिल्यांदा मी फाटकावरूनच परतले. दुसऱ्यांदा खोलीपर्यंत गेले. दार उघडं होतं, मशीन दिसलं, शेजारी बटणापाशी कोणीतरी उभं होतं. माझ्या छातीला तारा लावायच्या आधीच मी जिना उतरून रस्त्यावर आले होते.

सोमवारी परत नंबर आहे. मी तिथल्या माणसाला आधीच सांगणार आहे, मी थांब म्हटलं की थांबवायचं, नाहीतर चढणार नाही. साडी नाही, पंजाबी ड्रेस घालणार. पायात बूट असणार. रेश्मा सोबत येते म्हणाली आहे, बटणाशेजारी ती उभी राहील.

भीती आहेच. ती घेऊनच चढायचं आहे. अजून चढलेले नाही.