बाहीतलं लिंबू

जादूगारांसाठी खास मासिक निघतं, हे मला बोरीवली स्टेशनाबाहेरच्या रद्दीवाल्यामुळे कळलं. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी नोकरीला लागलो होतो आणि संध्याकाळी दुसरं काही काम नसल्यामुळे स्वतःला फार हुशार समजत होतो. रद्दीवाल्याकडे त्या इंग्रजी मासिकाचा गठ्ठाच आला होता. कुठल्या जादूगाराने तो विकला कोण जाणे. बहुधा त्याचं लग्न झालं असावं.

काय नव्हतं त्यात! दोर कापून पुन्हा अखंड करायचे प्रयोग, एकमेकांत अडकणाऱ्या कड्या, समोरच्याच्या मनातलं ओळखायच्या युक्त्या. रंगमंचावरचे खेळ वेगळे, बैठकीतले वेगळे, जेवणाच्या टेबलावरचे वेगळे. आमच्याकडे टेबल नव्हतं, आणि मी चमचे वाकवले असते तर आईने मला वाकवलं असतं. टोपीतून कबुतर काढण्यासाठी टोपी नव्हती. कबुतरं आमच्या गॅलरीत हवी तेवढी होती, पण खिशात बसायला एकही तयार नव्हतं. करवतीने बाई कापण्याचा खेळ मला फार आवडला होता, पण त्याला आधी बाई लागते, आणि माझ्यासाठी तर मुली बघणं नुकतंच सुरू झालं होतं.

शेवटी मी बैठकीतला एक खेळ निवडला. रुमालाखाली अंडं ठेवायचं, ते गायब होतं आणि समोरच्याच्या खिशातून निघतं. खरी गोष्ट अशी की अंडी दोन असतात. एक बाहीत सरकतं, दुसरं आपण गुपचूप समोरच्याच्या खिशात सोडलेलं असतं. पहिल्याच सरावाला माझ्या बाहीत अंडं फुटलं.

आई म्हणाली, "अंडी खायला आणलीत रे, अंगात घालायला नाही!"

म्हणून मी लिंबू घेतलं. आकाराला बरं, फुटत नाही, वासही चांगला. आम्ही आजोबांपासून मुंबईतले. लिंबू म्हणजे सरबत, एवढंच आम्हाला ठाऊक. ही सुधारणा मासिकाला कळवावी, असंही माझ्या मनात आलं होतं.

आईवडिलांबरोबर जोगेश्वरीला मुलगी बघायला निघालो तेव्हा जिन्यातच आईने बजावलं, "तिथे तुझे ते चाळे नकोत हां." मी हो म्हटलं. भर मे महिन्यात मी लांब बाह्यांचा शर्ट का घातलाय, हे तिने विचारलं नाही, ही तिचीच चूक.

माणसं कोकणातली होती. मुलीचे वडील आधी गिरणीत होते, आता एका गोदामात. कोपऱ्यात त्यांची आई, म्हणजे मुलीची आजी, भिंतीला टेकून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होती. पोहे आले, मुलगी आली, बोलणं संपलं. मग वडिलांनी विचारलं, "छंदबिंद काय आहे का?"

मी आईकडे न बघता म्हणालो, "जादू."

"झकास! मग दाखवा ना."

आणि खोटं कशाला सांगू, खेळ अप्रतिम झाला. रुमालाखालचं लिंबू गेलं आणि त्यांच्याच सदऱ्याच्या खिशातून निघालं. ते लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. मुलगी मात्र माझ्या उजव्या हाताकडे बघत म्हणाली, "ऑफिसात काम नसतं वाटतं तुम्हाला?" सगळे हसले. मी त्याच क्षणी ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच.

निघताना वडीलधाऱ्यांना नमस्कार करायचा असतो. मासिकातल्या गोऱ्या जादूगारावर ही वेळ कधी आली नसणार. मी आजीच्या पायांवर डोकं टेकलं, हात पुढे केले, आणि बाहीतलं लिंबू टपकन तिच्या पावलावर पडलं.

मघाशी टाळ्या वाजवणारे हात जागच्या जागी थांबले.

आजीने पाय आखडून घेतले. "ह्यां लिंबू खयसून इलां?"

"आजी, हा खेळच आहे," मी हसत म्हणालो. एकटाच हसत होतो.

"खेळ? परक्या माणसान माज्या पायार लिंबू टाकल्यान आणि खेळ? कोणी हात लावक नको! तिठ्यार टाकून येवा, मागे बघू नकात."

लिंबू टाकून करणीही करतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मुलीचे वडील चेहरा पाडून माझ्या वडिलांना म्हणाले, "आईच्या मनात एकदा आलं ना, की पुढे काही होणं कठीण." माझी आई चपला शोधायला लागली.

मासिकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलेलं असे की जादूगाराने आपलं गुपित मरेपर्यंत फोडू नये. मी तिथल्या तिथे बाही कोपरापर्यंत वर केली आणि आत लावलेलं इलॅस्टिक सगळ्यांना दाखवलं. "हे बघा, लिंबं दोन होती!" पण आजीला इलॅस्टिकशी काही कर्तव्य नव्हतं. लिंबू ते लिंबू.

तेवढ्यात मुलगी उठली. जमिनीवरचं लिंबू तिने सरळ उचललं, आत गेली आणि विळीवर चिरून सरबताचे दोन पेले घेऊन आली. एक माझ्या हातात दिला.

"आजी, बाधायचं असेल तर आधी ह्यांना बाधू दे. घ्या हो, प्या."

मी एका दमात प्यायलो. साखर घालायला ती विसरली होती, की मुद्दाम घातली नव्हती, हे तिने अजून सांगितलेलं नाही. दुसरा पेला तिने स्वतः तोंडाला लावला. आजी ओरडेपर्यंत तो अर्धा झाला होता.

"बस तू हयसरच," आजी मला म्हणाली. "काय होता ता बघूया."

मग काय, आम्ही बसलो. एरवी अशा भेटीत मुलीशी चार वाक्यं बोलायला मिळत नाहीत. त्या दिवशी मला विष चढतंय का हे बघण्यासाठी आम्हा दोघांना समोरासमोर बसवून ठेवलं होतं. इलॅस्टिक किती गबाळं शिवलंय इथपासून ती सुरू झाली, आणि मी तिला एकेक खेळ सांगत सुटलो, अगदी करवतीचासुद्धा. "कापून झाल्यावर ती बाई काय म्हणते?" तिने विचारलं. मासिकात त्याबद्दल काहीच नव्हतं.

दिवे लागले तरी आम्ही दोघंही धडधाकट होतो. आजी जवळ आली, माझी नाडी धरल्यासारखं करून तिने आधी एक बाही चाचपली, मग दुसरी. आत इलॅस्टिकशिवाय काही नव्हतं.

"आणि काय येता तुका?" तिने विचारलं.