क्षपण

सोडा घातलेल्या कढत पाण्याचा वास आला की आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

मी पाठशाळेतून नुकताच अकोल्यास परतलो होतो. आईच्या माहेरचा चांदीचा बाळकृष्ण काळवंडला होता. शेजारचे विज्ञानाचे मास्तर म्हणाले, "याचं क्षपण करू."

संस्कृतात क्षपण म्हणजे नाश. रसायनशास्त्रातला अर्थ मला ठाऊक नव्हता. त्यांनी ॲल्युमिनियमच्या ताटलीत मूर्ती ठेवून सोड्याचे कढत पाणी ओतले. आता आईचा देव विरघळणार, या भयाने माझा मनात चाललेला जप थांबला.

मास्तर म्हणाले, "काहून भेतं रे बाप्पा? चांदीचे गेलेले इलेक्ट्रॉन ताटली देऊन राहिली, यालेच क्षपण म्हणतात. झिजते ते ताटली."

मूर्ती उजळली. ताटली मात्र निस्तेज झाली होती. देवासाठी झिजलेल्या त्या ताटलीला नमस्कार करायचे भयाच्या भरात राहूनच गेले.