शेवटी प्रश्न नसलेली पुस्तकं

बी.कॉम. झाल्यावर पालघरच्या वाचनालयातून मी पहिलं पुस्तक आणलं, ते भरती-ओहोटीबद्दलचं. वाचून झालं आणि सवयीने मी शेवटी स्वाध्याय शोधला. प्रश्नच नव्हते. आधी कुणीतरी पानं फाडली असणार आणि आळ माझ्यावर येणार, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी ग्रंथपालबाईंकडे गेले. त्यांनी पुस्तकाची शिवण तपासली. "ही पुस्तकं अशीच संपतात," त्या म्हणाल्या, आणि इतिहासाचं एक हातात दिलं.

माझा संशय गेला नाही. भरतीच्या पुस्तकात एका जागी चक्क लिहिलं होतं की याचं कारण अजून नीट कळलेलं नाही. शाळेच्या पुस्तकाने असं कधी कबूल केलं नव्हतं. इतिहासाचा लेखक एका किल्ल्यावरून दुसऱ्या इतिहासकाराशी पानभर भांडत होता. माझ्या गाईडमध्ये किल्ला एकाच कारणाने पडायचा. तिसरं पुस्तक जात्यावरच्या ओव्यांच्या समीक्षेचं होतं. एका ओवीवर अख्खं प्रकरण. दळणाऱ्या बाईच्या मनात एवढं सगळं होतं, हे या समीक्षकाला कुणी सांगितलं?

सरावलीतल्या आमच्या चाळीत मात्र संशय माझ्यावरच होता. शेजारच्या भाभी दारातूनच म्हणाल्या, "बिटिया फिर से परीक्षा दे रही है क्या?" बाबांनी ते ऐकलं. ते कारखान्यात पॅकिंगला. माझ्या निकालाचे पेढे त्यांनी एडवणला, आमच्या गावच्या भावकीपर्यंत पोचवले होते. घराण्यातली पहिली पदवी.

रविवारी ते समोर बसले. "खरं सांग. एखादा विषय रायलाय तुजा?"

"नाही, बाबा."

"मंग वाचतेस कशाला? पास झालेलं माणूस वाचतं काय?"

"आवडतं म्हणून."

"बारावीला कदी नाय आवडलं ते."

मी गुणपत्रिका काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरली आणि विश्वास न बसल्यासारखी परत दिली. "आता मी गावात काय तोंड दाखवू, ते सांग."

मग त्यांनी ओव्यांचं पुस्तक उचललं आणि मागून उघडलं. लहानपणी ते माझा अभ्यास असाच घ्यायचे. स्वतः पाचवीपर्यंत शिकलेले. धड्याखालचे प्रश्न वाचायचे, आणि मी अडखळले नाही तर उत्तर बरोबर धरायचे. त्या प्रश्नांवरच मी पदवीपर्यंत आले. आताही ते प्रश्न शोधत होते. नंतर बाकीची दोन्ही पुस्तकं पाहिली.

"प्रश्न नायत यांत."

"नाहीतच."

"कुणी फाडले?"

"अशीच असतात ती."

त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. "म्हणजे परीक्षा नाय."

"नाही."

त्यांचा चेहरा सैल झाला. पेढे खरे ठरले होते. मग पुन्हा कपाळाला आठी पडली. "मंग लिवणाऱ्याला कसं कळायचं, तू नीट वाचलंस ते?"

मी उठायला लागले.

"बस," ते म्हणाले, "काय लिवलंय ते सांग."

मी सांगायला लागले आणि जागोजागी अडखळले. पण चूक न म्हणता बाबा ओव्यांच्या पुस्तकाचं पान बोटाने धरून, पुढचं ऐकायला माझ्याकडे बघत राहिले.